कॉफीचा चोथा आणि समय्या सर

समय्या सरांना नीट बसलेलं मी आजवर फक्त दोनदा पाहिलं. बाकी सगळा वेळ हा माणूस उभा. वर्गात उभा, ऑफिसात उभा, मधल्या सुट्टीत डबा डाव्या हातात धरून व्हरांड्यात येरझारा घालत जेवणारा. केंद्राच्या मीटिंगला मुद्दाम पुढची खुर्ची द्यावी, तर पाच मिनिटांत हे मागच्या भिंतीला टेकलेले. मी चिमूरकडची, पाय पसरून निवांत चहा पिणाऱ्या घरातली. मला नुसतं त्यांच्याकडे पाहूनच दम लागायचा.

"सर, बसा ना जरा," मी म्हणायची.

"मले बसवतच नाई, मॅडम. माही अम्मा थकली सांगून सांगून. 'कूर्चो रा, कूर्चो.' म्हंजे बस रे, बस. लहानपणी इतक्या खेपा आयकलं का मले वाटे, माहं नावच कूर्चो हाय."

हे सांगतानाही ते खिडकीपासून दारापर्यंत दोन फेऱ्या मारून यायचे.

आमची शाळा चंद्रपूर जिल्ह्यात, मूल गावाजवळच्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेची. सर गणित आणि विज्ञान शिकवत, मी भाषा. राहायला दोघंही मूलला, एका राईस मिलच्या मुनीमजींच्या आवारात. दोन खोल्या त्यांच्या, दोन माझ्या, मध्ये एक नळ आणि त्या नळावरून होणारी आठवड्यातली दोन भांडणं. सर मूळचे गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याकडचे. प्राणहितेच्या काठावरचं गाव, घरात तेलुगू. लग्न केलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "आधी बदली होऊ द्या." शाळेत सगळ्या प्रश्नांना त्यांच्याकडे हेच एक उत्तर असायचं. नवीन चप्पल का घेत नाही, दाराला पडदा का लावत नाही, गॅसचं कनेक्शन आपल्या नावावर का करत नाही, तर आधी बदली होऊ द्या.

आता कॉफीचं सांगते. मला स्वतःला कॉफी आवडत नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं.

सरांचे वडील नदीकाठच्या एका विश्रामगृहावर खानसामा होते. तिथं येणाऱ्या दक्षिणेकडच्या कुणा साहेबानं जाताना आपलं पितळेचं दुमजली फिल्टर त्यांना देऊन टाकलं, आणि चहाच्या मुलखात त्या एका घरात कॉफी शिरली. वडील गेले, फिल्टर सरांकडे आलं. पावडर मात्र अम्माच पाठवायची. नदीपलीकडून कुणाकडून तरी मागवून, पत्र्याच्या डब्यात घट्ट भरून, सिरोंच्याच्या बसच्या कंडक्टरच्या हाती. तो डबा आलापल्लीला बदलायचा, पुढे गडचिरोलीला बदलायचा आणि दोन दिवसांनी मूलच्या स्टँडवर उतरायचा. एकदाही हरवला नाही. सकाळी साडेपाचला सरांच्या खोलीतून कॉफीचा वास सुटला की मुनीमजी अंथरुणातून ओरडायचे, "आली सिरोंच्याची गाडी!"

पण सरांचा खरा जीव कॉफीवर नव्हता, चोथ्यावर होता. "कॉफी दहा मिनिटात सरते, मॅडम. चोथा राह्यते," असं म्हणून ते फिल्टरचा वरचा डबा जुन्या वर्तमानपत्रावर पालथा घालत आणि वर दोन टिचक्या मारत. मग तो कागद स्लॅबवर. तिथं वारं आलं की उडू नये म्हणून चार कोपऱ्यांना चार विटा. वाळला की पुन्हा खाली, डब्यात. एका माणसाचा चोथा पुरेना म्हणून स्टँडजवळच्या इडलीवाल्याशी त्यांनी तेलुगूत सोयरीक जुळवली आणि त्याच्याही गाडीवरचा चोथा रोज संध्याकाळी पिशवीतून घरी यायला लागला.

या चोथ्याचं ते काय नाही करायचे? एकदा मी झिंगे साफ केले आणि हाताचा वास दोन साबणांनी जाईना. सरांनी नळावरच माझ्या तळहातावर चिमूटभर चोथा ठेवला, "चोळा." वास गेला. तेव्हापासून मी त्यांना नावं ठेवणं निम्मं कमी केलं. माझ्या फ्रिजमध्ये त्यांनी न विचारता एक वाटी नेऊन ठेवली. शाळेच्या टेबलावरचे ओरखडे ते ओल्या चोथ्यानं घासून असे बुजवायचे की टेबल नवं वाटावं. सातवीच्या पोरांनी शिवरायांचं पत्र तयार केलं, तर कागद चोथ्याच्या पाण्यात बुडवून सुकवला आणि तो इतका जुना दिसायला लागला की गावचे पोलीस पाटील हात जोडून उभे राहिले. संध्याकाळी खोलीच्या उंबऱ्यावर पत्र्याच्या झाकणात वाळका चोथा पेटवून ठेवायचे. त्यानं डास जायचे का, हे मला सांगता येणार नाही. मुनीमजी मात्र जायचे.

याच चोथ्यापायी एकदा शाळेची इज्जत जायची वेळ आली होती. आमच्या भागात खर्रा, म्हणजे चुना लावून घोटलेली तंबाखू-सुपारी, न खाणारा माणूस शोधून काढावा लागतो, आणि शाळेत खर्रा सापडणं म्हणजे नोटीस. एक दिवस केंद्रप्रमुख अचानक आले. स्वतः पक्के खर्रेवाले, गालात कायम लिंबाएवढा फुगवटा. ते थेट व्हरांड्यात, आणि व्हरांड्यात पाच वर्तमानपत्रांवर तपकिरी, बारीक, दाणेदार असं काहीतरी वाळत पडलेलं.

"शाळेत खर्रा वाळवून राह्यले का तुमी?" साहेब गरजले.

"नाई साहेब, कॉफी हाय."

"मले शिकवता? पंचवीस वर्षं झाले मले खाऊन!" आणि त्यांनी चिमूट उचलून सरळ दाढेखाली धरली. साहेबांनी चावलं, थांबले, पुन्हा चावलं. मग विचारात पडून म्हणाले, "याच्यात चुना कमी हाय."

सर तेवढ्यात आत जाऊन एक पुडी बांधून घेऊन आले. "घेऊन जा साहेब. तुमच्या गुलाबाच्या कुंड्यात टाका." नोटीस आली नाही. सहा महिन्यांनी साहेबांनीच विचारलं, "ते तुमचं औषध अजून हाय का?"

मला वाटायचं, हा माणूस कंजूष आहे, काही वाया जाऊ देत नाही. एका पावसाळ्यात मी तसं बोलूनही दाखवलं. सर हसले नाहीत. म्हणाले, "माहा बाबा विश्रामगृहातून येताना धोतराच्या सोग्यात चोथा बांधून आणे. साहेब लोकं पिऊन टाकत, चोथा आमचा. अम्मा तो गाईच्या शेणात, चुलीच्या राखेत मुरवे आन् झाडाले टाके. आमच्या वाळूत काईच येत नसे, मॅडम. तिच्या अंगणात सारं आलं." तेव्हा मला कळलं की स्लॅबवरच्या त्या विटा आणि कागद म्हणजे आईपासून दोनशे किलोमीटरवर बसून केलेलं आईचंच काम होतं. मी पुन्हा तो शब्द काढला नाही.

सरांकडे झाडं चिक्कार होती, पण जमिनीत एकही नव्हतं. सगळी डब्यांत. तेलाचे डबे, रंगाचे डबे, फुटकी बादली, एक जुनं हेल्मेटसुद्धा. मुनीमजींनी आवारात कुठंही लावा म्हणून सांगितलं होतं. सर लावत नसत. "बदली झाली का उचलता आलं पायजे." त्यातला मानकरी होता गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता, रंगाच्या वीस लिटरच्या बादलीत. नोकरीला निघताना अम्मानं आपल्या अंगणातल्या झाडाची फूट काढून दिली होती, परत येशील तेव्हा घेऊन ये म्हणून. ते मोठं झाड पुढे एका पुरात वाहून गेलं आणि बादलीतला गोडनिंबच त्या वंशाचा एकटा उरला. दरवर्षी वाढायचा, दरवर्षी मुळं बादलीला घट्ट वेढून बसायची, आणि सर दरवर्षी ती कापून, चोथा-माती भरून त्याला पुन्हा तिथंच कोंबायचे.

"सर, डब्यातलं झाड म्हंजे पाहुनाच हो. ना घरचा, ना दारचा," आमच्या शाळेत खिचडी शिजवणारी शेवंताबाई म्हणायची.

"पाहुनाच तं हाय मी," सर म्हणायचे.

एका जिल्हा परिषदेतून दुसऱ्या जिल्हा परिषदेत बदली मिळणं किती अवघड, हे मास्तर लोकांच्या घरच्यांना विचारा. चंद्रपूरचा माणूस गडचिरोलीत जायला निघाला की मध्ये कागदांचा जो काही डोंगर लागतो, त्यापुढे आलापल्लीपुढचा रस्ता बरा. दरवर्षी सर फॉर्म भरत. दरवर्षी यादीत नाव कुठंतरी अडकत असे. तोवर चालत होतं. पण नवव्या वर्षी अम्माला काचबिंदू निघाला. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्याची नजर कडेकडेनं आत सरकत होती. औषधानं वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सरांनी तिला मूलला आणलं होतं. आठ दिवस राहिली. इथं तेलुगूत बोलणारा फक्त इडलीवाला, आणि नदीचा आवाज नाही. नवव्या दिवशी स्वतःच गाठोडं बांधून दारात उभी. तिकडे शेजारची एक नातलग मुलगी तिचं करायची, आणि फोन लावून द्यायची.

"अम्मा म्हणते, मले तू अंगणात बसलेला दिसला पायजे. डोळे हायेत तोवर," सरांनी मला सांगितलं, आणि नळापासून फाटकापर्यंत, फाटकापासून नळापर्यंत चालत राहिले. त्या दिवसापासून त्यांच्या चालण्याचा मला राग येईनासा झाला.

आता शेवंताबाई. काळी, काटक, बोलायला फटकळ. खिचडीचं करपलेलं गंज-पातेलं सरांच्या चोथ्यानं घासल्यापासून ती चोथ्याच्या प्रेमात पडली होती. घरी तीन-चार गुंठ्यांची धानाची एक बांधी, एवढीच काय ती शेती. नवरा राईस मिलमध्ये हमाली करायचा. घरी खायचा बारीक तांदूळ त्या बांधीतून निघायचा, आणि त्याचा तिला फार अभिमान. मिलमधला तांदूळ तिच्या मते तांदूळच नव्हे.

त्या वर्षी मृगात तिनं सरांना सहज विचारलं, "सर, हे तुमचं खत पऱ्ह्याले चालते का हो?"

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. वाफ्यात दाट पेरायची, वीस-पंचवीस दिवसांनी उपटून बांधीत रोवायची. सरांना असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. रविवारी पोती स्कूटरवर घालून ते तिच्या वाफ्यावर हजर. शेवंताबाई दरवर्षीप्रमाणे राख पसरायला निघाली होती. "राखेची गरजच नाई," म्हणत सरांनी पेरलेल्या वाफ्यावर चोथा ओतला. वर्षाचा साठवलेला सगळा. शिवाय आदल्या दिवशीचा इडलीवाल्याकडचा, ओला, मुरवणं तर सोडाच, वाळलेलासुद्धा नाही. अम्मा तो महिनोन् महिने शेणात-राखेत मुरवायची, हे त्यांनीच मला सांगितलेलं. पण मुरू द्यायला थांबावं लागतं.

दोन दिवस ऊन पडलं आणि चोथ्याची पोळी झाली. वरून पाणी टाकलं तर घरंगळून बाजूला. दहा दिवसांत सगळ्या गावाच्या वाफ्यांवर हिरवी पोपटी लव आली. शेवंताबाईचा वाफा तपकिरी तो तपकिरीच. तिनं बोटानं पापुद्रा उचलून पाहिला, खाली दाणा कुजलेला.

ती शाळेत आली. मला वाटलं आता आभाळ फाटणार. पण ती चुलीपाशी बसून एवढंच म्हणाली, "मातीचं तोंडच दाबून टाकलं, सर. ते बोलन कुठून?"

सर पुन्हा पेरू म्हणाले. बियाणं आणतो म्हणाले. ती म्हणाली, "आता पेरलं तं रोवणी पोळ्याले होईन. धान नाई होत, नुसतं गुराचं तणीस होते."

त्यानंतरचे तीन आठवडे सरांनी जे केलं ते मी विसरू शकत नाही. आमच्याकडे रोवणी झाली की प्रत्येकाच्या वाफ्यात थोडे पऱ्हे उरतात. कुणी शेजाऱ्याला देतो, कुणी गुरांना टाकतो. सर शाळा सुटली की स्कूटर काढायचे आणि गावोगाव विचारत फिरायचे, "भाऊ, पऱ्हे उरले का?" कुणी चार जुड्या द्यायचा, कुणी दहा. कुणाचं धान हलकं, लवकर येणारं, कुणाचं भारी. कुठल्या जातीचं, हे विचारायची सोय नव्हती. चिखलानं भरलेल्या जुड्या पुढे-मागे बांधून सर यायचे आणि शेवंताबाई त्याच दिवशी तेवढा तुकडा रोवायची. गावातली पोरं "पऱ्हेवाले सर आले" म्हणून मागे धावायची. लोक हसले, सरही हसले. बांधीचा शेवटचा एक कोपरा तेवढा राहिला.

आणि नेमकी त्याच दिवसांत बदलीची यादी लागली. प्रक्रिया त्या वर्षी लांबत लांबत आषाढात आली होती. सरांचं नाव वर होतं, अगदी वर. ठरलेल्या दिवशी चंद्रपूरला मूळ कागद दाखवायला हजर राहायचं, की काम फत्ते. गैरहजर असेल त्याची जागा खालच्याला. मुनीमजींनी पेढे आणले. सरांनी अम्माला फोन केला, आणि फोनवर बोलता बोलता आवाराच्या भिंतीला किती फेऱ्या मारल्या, देव जाणे.

चंद्रपूरला जायच्या दिवशी सकाळी सर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फाईल घेऊन स्टँडवर गेले. मी स्वतः हात हलवून निरोप दिला. दुपारी चार वाजता नळावर आवाज आला म्हणून बाहेर आले, तर सर. गुडघ्यापर्यंत चिखल. शर्टाला हिरवे-काळे डाग. फाईल तशीच प्लॅस्टिकमध्ये, स्कूटरच्या हुकाला लटकलेली.

"चंद्रपूर?" मी विचारलं.

"नाई गेलो."

स्टँडवर बसची वाट पाहताना एक ओळखीचा शेतकरी भेटला होता. त्याच्या गावात एकाची रोवणी आदल्या दिवशी आटोपली, पऱ्ह्याच्या चाळीसेक जुड्या उपटून बांधावर पडल्यात, आज संध्याकाळी गुरांपुढे टाकणार. आसपासच्या सगळ्या गावांची रोवणी संपलेली, याच्यानंतर पऱ्हे मिळणार नव्हते. सर बसच्या पायरीवरून उतरले, घरी येऊन स्कूटर घेतली आणि उलट्या दिशेला गेले.

"उपटलेले पऱ्हे उद्याची वाट पाहत नाई, मॅडम," ते पाय धूत म्हणाले. "बदली पुढच्या वर्षी बी येते. माह्या हातानं मेलं होतं ते."

मी संतापले. इतकी संतापले की मुनीमजींच्या बायकोनं खिडकी उघडली. "दुसऱ्या कुणाला पाठवता आलं नसतं? मला फोन करता आला नसता? मी नसते गेले? आणि अम्माचे डोळे, ते थांबतात का उद्यापर्यंत?"

सरांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मला फोन करता आला असता, हे त्यांना तोवर सुचलंच नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. अंगात घाई असली की माणसाला समोरची एकच वाट दिसते. मी आत गेले आणि रडले. त्यांच्यासाठी की अम्मासाठी, मला नक्की सांगता येत नाही.

अम्माला त्यांनी सांगितलं, पूर आला होता, रस्ता बंद होता.

शेवंताबाईला हे चार दिवसांनी गावातून कळलं. ती शाळेत येऊन सरांवर जी कडाडली, ती मुख्याध्यापकांनाही आवरेना. "एक वरीस पडीत राह्यली असती माही बांधी! मिलचे तांदूळ खाल्ले असते आमी! तुमाले कोनं सांगितलं होतं?" आणि मग पदरानं डोळे पुसत खिचडीला फोडणी द्यायला गेली.

बांधी पिकली. पण कशी? एक पट्टा दसऱ्यालाच पिवळा, शेजारचा हिरवागार, एक कमरेएवढा, एक गुडघ्याएवढा. रस्त्यानं जाणारे थांबून पाहायचे. शेवंताबाईला ती चार वेळा कापावी लागली. तिनं तो सगळा धान एकत्रच झोडला आणि त्यातलंच बियाणं म्हणून ठेवलं. गावात अजून त्याला समय्या सरांचा धान म्हणतात.

माघात एका सकाळी शाळेत सरांना फोन आला. शेजारच्या मुलीचा. अम्मा उठली आणि तिनं विचारलं, आज दिवस उगवला नाही का. सर फोन कानाला लावून ऐकत राहिले, आणि मग व्हरांड्याच्या पायरीवर बसले. मी त्यांना बसलेलं पाहिलं ती ही पहिली वेळ. तसं बसलेलं मला त्यांना कधीच पाहायचं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात बदली झाली. या खेपेला काही अडलं नाही, अडायला काही उरलंही नव्हतं. सरांनी सगळे डबे वाटून टाकले. हेल्मेटातला पुदिना मला दिला. केंद्रप्रमुखांना एक जास्वंद. शेवंताबाईला चोथ्याचं पोतं, शेणा-राखेत वर्षभर मुरवलेलं. तिनं मूठ भरून वास घेतला आणि म्हणाली, "आता झालं खत." सोबत फक्त बादलीतला गोडनिंब गेला. कंडक्टर म्हणाला, "सर, याचं तिकीट?" सर म्हणाले, "हा माह्या आधीचा पासधारक हाय." आलापल्लीपर्यंत तो कवेत घेऊन उभेच गेले असणार, मी पैजेवर सांगते.

दीड वर्षानं अहेरीला माझ्या भाचीचं लग्न होतं. तिथवर गेले तर पुढे सिरोंचा करायचाच, असं मी ठरवलं. निघताना शेवंताबाईनं एक पिशवी दिली, त्याच बांधीतला नवा तांदूळ. "अम्माले द्या. सरले नोका देऊ, ते वाटून टाकतीन."

अंगणात शिरले तर गोडनिंब समोरच. जमिनीत. बादलीत दहा वर्षं घालवलेलं ते झाड डोक्याच्या वर गेलं होतं. बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून काळ्या मुरलेल्या चोथ्याचं आळं. अम्मा बाजेवर, उन्हात. सर कॉफीचं दूध चुलीवर ठेवून, माझ्याशी बोलत, झाड दाखवत, कोंबडी हाकलत, अंगणभर. अम्माचं तोंड त्यांच्या पावलांच्या आवाजामागे फिरत होतं. तिच्या बोलण्याचा प्रत्येक शब्द ते चालता चालता मला मराठीत सांगत होते.

मी पिशवी तिच्या हातात दिली. तिनं हात आत घातला, मूठ भरली, दाणे अंगठ्यानं एकेक करून पुढे सरकवले. मग तिनं काहीतरी विचारलं, आणि सरांची पावलं थांबली.

"काय म्हणतात?"

"म्हणते, हा एका घरचा तांदूळ नाई. लांब हाय, आखूड हाय, जाड हाय. इतक्या घरचा कोनं मिसळला?"

सर गोडनिंबापाशी उभे राहून बोलायला लागले. तेलुगू मला कळत नाही. पण मध्येच चंद्रपूर ऐकू आलं, शेवंताबाई ऐकू आलं, आणि मला समजलं की पूर आला नव्हता, हे ते आता सांगत आहेत. बराच वेळ सांगत होते. अम्माची बोटं तांदळात थांबलेली.

त्यांचं सांगून झालं. अम्मानं एक छोटा प्रश्न विचारला. सवयीनं सरांनी तो आधी मला सांगितला. "म्हणते, पीक आलं का?"

आणि तिच्याकडे वळून म्हणाले, "वच्चिंदि, अम्मा." आलं.

अम्मानं मान हलवली. तांदळाचा हात झटकून तिनं तो पुढे हवेत फिरवला. सर दोन पावलं जवळ आले. तिच्या हाताला त्यांच्या शर्टाची खालची कड लागली, ती तिनं मुठीत धरली आणि खाली ओढली.

"कूर्चो."

हे सरांनी मला मराठीत सांगितलं नाही. ते बाजेच्या कडेला, तिच्याजवळ बसले. चुलीवर दूध उतू जायला लागलं, ते उठायला गेले, तर मूठ सुटली नाही. मीच आत जाऊन पातेलं उतरवलं. फिल्टरचा वरचा डबा पालथा घालून चोथा कागदावर काढला आणि तीन पेले कॉफी केली. मी माझी सगळी प्यायले.

मग माझ्या बसची वेळ झाली. सरांनी जागेवरूनच हात केला. फाटकापाशी पोचून मी मागे वळून पाहिलं. अम्माची मूठ शर्टावर तशीच होती, आणि सर बसलेलेच होते.